कुकरची रिंग आणि कोरी स्लिप

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण)



मला विषय दिलाय, ‘यंदा मी काय नवीन शिकले’. मी शिकले ते शेंगा फोडता फोडता, आणि तेही कानाने.

माझी लेक नर्सिंगला आहे. ती मोबाईलवर पुस्तकं ऐकते. कोणीतरी आख्खं पुस्तक वाचून दाखवतं, आपण हातातलं काम करत ऐकायचं. सुट्टीत ती घरी आली की मी म्हणायची, “कानातलं काढ आणि मलाही सांग.” पुस्तक इंग्रजी. मग ती थोडं ऐकायची, थांबवायची आणि मला मराठीत सांगायची. गोष्टी राजाराणीच्या नव्हेत. मोठमोठी कामं कशी बिघडली, त्याच्या. सगळ्या खऱ्या घडलेल्या.

त्यातली एक सांगते. २८ जानेवारी १९८६. अमेरिकेचं चॅलेंजर नावाचं अंतराळयान उडालं आणि ७३ सेकंदांत आकाशातच फुटलं. आतली सातही माणसं गेली. त्यात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, ख्रिस्टा मॅकऑलिफ. कारण काय, तर रबराची रिंग! आपल्या कुकरला असते ना, तसलीच, पण मोठी. रॉकेटच्या सांध्यात बसवलेली. रात्री पारा शून्याखाली गेला होता. थंडीने रबर कडक झालं, सांधा नीट बंद झाला नाही आणि आतला जाळ बाहेर आला.

मला वाटलं, कुणाच्या लक्षातच आलं नसेल. तर तसं नाही. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत रॉजर बोइजोली नावाचे इंजिनियर होते. त्यांनी सहा महिने आधी लेखी कळवलं होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर बैठक झाली. इंजिनियर म्हणाले, एवढ्या थंडीत उडवू नका. वरच्यांना ते रुचलं नाही. मग कंपनीच्या साहेबांनी वेगळं बसून ठरवलं, आणि ‘नाही’चं ‘हो’ झालं. आधीच्या काही उड्डाणांतही रिंगांवर जळल्याच्या खुणा सापडल्या होत्या. पण यान सुखरूप परत आलं होतं ना? मग चालतंय!

पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञांनी त्या रबराचा तुकडा दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून सोडला, तरी तो लगेच पहिल्यासारखा होईना. इतकी साधी परीक्षा.

एवढं होऊन शहाणपण आलं का? १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परत येताना तुटलं. त्यात आपली कर्नालची कल्पना चावला होती. उडतानाच टाकीवरच्या फोमचा तुकडा पंखाला लागला होता. फोम आधीही पडायचा, पण यानं परत येत होती. इंजिनियरांनी पंखाचे फोटो मागितले, ते काढलेच गेले नाहीत. पुन्हा तेच, मागच्या वेळी काही झालं नाही, आताही होणार नाही.

हे ऐकताना माझा हात थांबला. कारण हे वाक्य माझंच होतं.

आमची बँक तालुक्याला. जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आमच्या अध्यक्ष ताई आणि मी, दोघी पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर आधीच सह्या करून ठेवायचो. जी तालुक्याला जाईल ती काढून आणायची. दोन वर्षं चाललं. एकदा नव्याने आलेल्या ताईने विचारलं, “आकडा न लिहिता सही कशी काय करता?” मी म्हटलं, “तू नवीन आहेस, आधी शिकून घे.” सगळ्या हसल्या. ती गप्प बसली.

पुढे पासबुक भरून आणलं, तर ३,००० रुपये जास्त निघालेले. वहीत नोंद नाही. कुणी खाल्ले असं मी म्हणणार नाही. कदाचित कुणाला कर्ज दिलं आणि लिहायचं राहिलं. पण शोधणार कुठे? स्लिपवर सह्या तर आमच्याच. शेवटी दहाजणींनी तीनशे-तीनशे भरले. कुणी शेळीच्या औषधाचे दिले, कुणी पोरीच्या वह्यांचे. आणि जिने आधी विचारलं होतं, तिनेही भरले.

आता आमच्या गटात तीन गोष्टी ठरल्यात. कोऱ्या कागदावर सही नाही, मग दिवस बुडाला तरी चालेल. तालुक्याला जाणारीची मजुरी गट देतो. दर बैठकीत पासबुक आणि रोकडवही मोठ्याने वाचायची, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही कळतं. आणि कुणी शंका काढली, तर ती तिच्या नावासकट कार्यवाही वहीत लिहायची. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा विषय नाही.

त्या ताईच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ती बैठकीला येते, बचत भरते, पण अजून बोलत नाही. मी दर वेळी सगळ्यात आधी तिलाच विचारते, “तुला काही म्हणायचंय का?” ती मान हलवते. मी विचारायचं सोडणार नाही.

मैत्रिणींनो, भाकरी थापताना, निंदताना कान मोकळेच असतात. लेकीसुनांना सांगा, असली पुस्तकं आपल्यालाही ऐकवा. आणि घरी गेल्यावर कुकरची रिंग एकदा दाबून बघा. गटाची वहीसुद्धा.