वरण सोडू नका, गोळी सोडू नका

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून)



मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आकडे वाचायची सवय आहे, एवढंच माझं भांडवल. आणि दुसरं म्हणजे गेली बावीस वर्षं माझा गाऊटशी घरोबा आहे. आज बोलायला उभा राहिलो त्याचं निमित्त मात्र आपलं रक्ततपासणीचं शिबिर.

शिबिर उत्तम झालं. पण रिपोर्ट हातात आले आणि बऱ्याच जणांच्या कागदावर युरिक ॲसिडचा आकडा ठळक छापून आला. दुसऱ्या दिवसापासून बागेतल्या बाकांवर एकच विषय. डाळ बंद, पालक बंद, टोमॅटोच्या बिया काढून टाका! आमच्या मजल्यावरच्या आजींची हकीकत त्यांच्या परवानगीनं सांगतो. वय ८१, जन्मभर शाकाहारी, एकही सांधा कधी सुजलेला नाही. आकडा ७.१. सूनबाईंनी काळजीपोटी तूर, मूग, मटकी, सगळं बंद केलं. चार महिन्यांत आजींचं पाच किलो वजन उतरलं आणि देवळापर्यंत जाताना पाय लटपटायला लागले. दुसरीकडे बी विंगमधला एक चौतीस वर्षांचा मुलगा. पायाचा अंगठा दोनदा लालबुंद झाला, पण तो केमिस्टकडून दुखण्याची गोळी घेऊन ऑफिसला जातो आणि शनिवारी बिअर पितो. ज्याला काही करायची गरज नव्हती त्या घरात उपासमार, आणि ज्याला खरी गरज आहे तो निवांत. हे मला पाहवलं नाही.

आता हे युरिक ॲसिड म्हणजे काय? आपल्या पेशींत प्युरिन नावाचे घटक असतात. जुन्या पेशी मोडतात, नव्या होतात, त्यातून शरीर स्वतःच युरिक ॲसिड तयार करतं. साधारण दोन तृतीयांश जमा ही घरचीच, उरलेली ताटातून. खर्चाची बाजू मुख्यतः मूत्रपिंडाची, थोडी आतड्याची. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक ॲसिड मोडून टाकणारं एक पाचकद्रव्य असतं, माणसाकडे ते नाही. आणि बहुतेक गाऊटवाल्यांचा घोटाळा जमेपेक्षा खर्चाच्या बाजूला असतो, म्हणजे मूत्रपिंड पुरेसं बाहेर टाकत नाही. हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. तेव्हा "तुम्ही फार खाल्लंत म्हणून झालं" असं कोणाला सुनवू नका.

रक्तात हे प्रमाण ६.८ च्या वर गेलं की ते विरघळून राहू शकत नाही, बारीक सुयांसारखे स्फटिक बनतात. आपल्या बोअरिंगच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर खार बसतो ना, तसंच. एका दिवसात बसत नाही, वर्षानुवर्षं बसतो. पायाचा अंगठा शरीराचं थंड टोक, म्हणून तिथे आधी. मग कधीतरी रात्री दोन वाजता शरीराला त्या सुया परक्या वाटतात आणि युद्ध सुरू होतं. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही.

माझा पहिला झटका मार्च क्लोजिंगच्या आठवड्यात आला. एका दवाखान्यात रक्त तपासलं, आकडा निघाला ६.४. "नॉर्मल आहे, पाय मुरगळला असेल," असं सांगून इंजेक्शन दिलं. पुढे गुडघा सुजला तेव्हा संधिवाततज्ज्ञांनी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तेव्हा स्फटिक दिसले. त्यांनी सांगितलेली गोष्ट लिहून ठेवा: ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. माझं तेव्हा ८.९ निघालं. आणि याच्या उलटही खरं. नुसता आकडा वाढलेला, पण झटका नाही, मुतखडा नाही, तर सहसा औषध लागत नाही. आजींचं प्रकरण या खात्यातलं.

उपचाराचे दोन भाग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक आग विझवणं, दुसरा खार काढणं. आग विझवायला कोल्चिसीन, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, कधी स्टिरॉइड. ते डॉक्टर ठरवतील. कोल्चिसीनची गंमत सांगतो. पावसाळ्यात कोकणात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात हेच द्रव्य आहे. तो कंद जहाल विषारी, त्यामुळे गावचा कोणी उगाळून देतो म्हणाला तर हात जोडा. गोळीसुद्धा अर्ध्या मिलिग्रॅमची असते ती उगाच नाही. लवकर बरं वाटावं म्हणून दोनाच्या चार करायच्या नाहीत.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल जरा कडक बोलतो. माझ्याबरोबर शाखेत असलेले एक स्नेही वर्षानुवर्षं दुकानातून पेनकिलर घेत राहिले. गुण यायचा, म्हणून डॉक्टरकडे जायचं कारणच पडलं नाही. आज त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, आणि त्यात या गोळ्यांचा वाटा मोठा असं त्यांचे डॉक्टर सांगतात. मूत्रपिंड आधीच अशक्त, ब्लडप्रेशर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, अशांनी तर परस्पर पेनकिलर घेऊच नये.

खार काढायला जास्त करून ॲलोप्युरिनॉल देतात. १९६६ पासून वापरात असलेलं औषध आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल मिळालं. मला १०० पासून सुरू करून हळूहळू ३०० पर्यंत नेलं. ध्येय होतं सहाच्या खाली. गाठी झालेल्यांना पाचच्या खाली सांगतात. पहिल्या सहा महिन्यांत मला दोन झटके आले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की खार विरघळायला लागला की असं होतं, म्हणून सोबत कोल्चिसीनचा छोटा डोस दिला होता. याच टप्प्यावर पुष्कळ लोक "गोळीनंच त्रास वाढवला" म्हणून ती फेकून देतात. तसं करू नका. झटका आला तरी चालू गोळी चालू ठेवायची. अपवाद एकच. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. आज माझा आकडा ५.४ आहे आणि शेवटचा झटका कधी आला ते आमच्या सौभाग्यवतींनाच आठवतं. रोजचा खर्च नाक्यावरच्या कटिंगपेक्षा कमी. पण आकडा बरा झाला म्हणून गोळी बंद केली तर खार पुन्हा बसतो, मुद्दल फिटलेलं नसतं. आणखी एक. ब्लडप्रेशरच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि हृदयासाठीची लहान ॲस्पिरिन यांनी युरिक ॲसिड वाढतं. त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना फक्त आठवण करायची.

आता ताटाकडे येऊ, कारण तुम्ही सगळे त्याचीच वाट बघताय. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षं नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मटण-मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त, दूध-दही घेणाऱ्यांत कमी, आणि डाळी-पालक-फ्लॉवर यांसारख्या प्युरिनवाल्या भाज्यांचा संबंधच दिसला नाही. म्हणून सांगतो, वरण खा. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांना विचारा.) खरे दोषी कलेजी, वजडी, भेजा, पायाचं सूप, मग तारली, बांगडा, मांदेली, सुकट, कोळंबी. मी वेंगुर्ल्याकडचा, त्यामुळे ही यादी वाचताना मला काय होतं ते सांगायला नको. पण मासे सोडलेले नाहीत. आठवड्यातून दोनदा पापलेट किंवा सुरमईची एक तुकडी, बाकी सोलकढीवर समाधान. खरं सांगायचं तर कितीही पथ्य केलं तरी आकडा साधारण एकनं उतरतो. नऊवरून सहाच्या खाली नुसत्या दुधी भोपळ्यानं जाता येत नाही.

निर्जळी उपवास आणि महिन्यात आठ किलो उतरवणारं डाएट, दोन्ही झटका आणू शकतात. वजन उतरवा, पण सावकाश. मे महिन्यात पाणी भरपूर प्या. हृदयरोगी मंडळींनी मात्र त्यांना सांगितलेल्या मर्यादेतच.

पेयांबाबत क्रम लावायचा तर बिअर सर्वांत वाईट. तिच्यात प्युरिनही आहे आणि दारू तर आहेच, जी मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही. "मग व्हिस्की चालते ना?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये किमान दहा जणांनी विचारलाय. बिअरपेक्षा बरी, इतकंच. झटक्याच्या दिवसांत काहीच नाही. पण जे दारूला शिवत नाहीत त्यांनी खूश होऊ नये. कोल्ड्रिंक, डब्यातला फळांचा रस, उसाचा रस यांतल्या साखरेतला फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिडच तयार करतो. आपल्या नातवंडांच्या हातात जी बाटली असते ती म्हणजे थोडक्यात बिनदारूची बिअर समजा. ताक, दूध, बिनसाखरेची कॉफी, यांना हरकत नाही. कॉफी पिणाऱ्यांत गाऊट कमीच आढळतो.

चरकसंहितेत वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे आणि तिथे या रोगाचं एक नाव आढ्यवात दिलंय. आढ्य म्हणजे श्रीमंत. तेव्हा मांस आणि मद्य रोज परवडणारे मोजके होते. आता वीस रुपयांत गोड बाटली मिळते, म्हणजे आपण सगळेच आढ्य झालो. गुळवेलीचा काढा कोणी घेत असेल तर जरूर डॉक्टरांना सांगून घ्या, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

बी विंगमधल्या त्या मुलाला मी स्वतः बरोबर घेऊन तज्ज्ञांकडे गेलो होतो, त्याची गोळी सुरू झाली आहे. आजींच्या घरी वरण पुन्हा शिजायला लागलं, हे मला जिन्यात येणाऱ्या फोडणीच्या वासावरून कळलं. रौप्यमहोत्सवाच्या जेवणात कोल्ड्रिंकच्या टेबलाशेजारी मठ्ठ्याचं एक पिंप ठेवायचं कमिटीनं मान्य केलंय. केटररला मी बजावून ठेवलंय की त्यात साखर घालायची नाही, आलं, कोथिंबीर आणि थोडं मीठ पुरे.