घोड्याची खोल जखम

माळव्यातील उज्जैन हे एके काळी शिंद्यांच्या राजधानीचे शहर. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि येथील पागांचे वैभव ओसरले. तरी या नगरीचा घोड्याशी असलेला संबंध तुटला नाही. कार्तिकात क्षिप्रेच्या काठी घोडे-गाढवांचा बाजार भरतो, वरातीला घोडी लागते, सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकींत घोडे चालतात. 2016 नंतरचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे. गर्दीच्या वाटेवर खिळा, तार किंवा पत्रा घोड्याच्या अंगात वा खुरात शिरण्यास क्षणही पुरतो.

अशा वेळी मालकाची नजर रक्तावर खिळते. मोठी फाटलेली जखम भयंकर दिसते, पण ती उघडी असल्याने धुता येते. खिळ्याने पडलेले बोटाएवढे छिद्र मात्र क्षुल्लक वाटते, आणि खरा धोका तेथेच असतो. सुश्रुताने आघाताने होणाऱ्या व्रणांचे सहा प्रकार सांगितले. त्यांत ‘विद्ध’ हा प्रकार स्वतंत्र मानला आहे. अशा व्रणाचे तोंड लवकर मिटते. घाण व जंतू आत कोंडले जातात.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. जेथे प्राणवायू पोचत नाही तेथे ते वाढतात. पाळीव जनावरांत घोड्याला या रोगाची बाधा फार सहज होते. जखम भरल्यासारखी दिसत असतानाच, बहुधा एक ते तीन आठवड्यांत, कान ताठरतात, डोळ्याची तिसरी पापणी पुढे सरकते, जबडा आवळतो आणि चाल लाकडी होते. बेरिंग आणि कितासातो यांनी 1890 मध्ये या विषावरील प्रतिविष शोधले. पुढे ते घोड्याच्याच रक्तापासून तयार होऊ लागले. तरीही रोग जडल्यावर घोडा वाचविणे कठीणच. म्हणून लस आधीच टोचलेली असावी.

जखम होताच घोड्याला शांत जागी उभे करावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ जाड फडके घट्ट दाबून धरावे. ते भिजले तर न काढता वर दुसरे ठेवावे. रक्त थांबल्यावर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी. शेण, राख, चुना, फिनेल यांपैकी काहीही आत भरू नये. छाती-पोटात रुतलेली वस्तू उपटू नये. खुरातील खिळाही वैद्य लवकर येणार असतील तर तसाच राहू द्यावा व त्या पायावर भार पडू देऊ नये. काढावाच लागला तर त्याची जागा व दिशा ध्यानात ठेवावी. सांध्याजवळील जखमेतून पिवळसर चिकट पाणी झिरपले, तर सकाळची वाट पाहू नये. महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, येथे 1955 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गावातील पशुचिकित्सालय तर त्याहून जवळ.

खोल जखम तळापासून वर भरत यावी लागते. वैद्य तिचे तोंड काही दिवस उघडे ठेवतात ते याचसाठी. या काळात घोड्याला जुंपता येत नाही, आणि रोजच्या कमाईवर चूल पेटणाऱ्या घराला ही विश्रांती महाग पडते. पण चार दिवसांची मजुरी वाचविण्यासाठी लंगडा घोडा बाहेर काढणारा पुष्कळदा मजुरीबरोबर घोडाही गमावतो. मुक्या जनावराला दुखणे सांगता येत नाही. ते पाहण्याचे काम धन्याचेच.