गैरहजेरीचा शेरा : वार्षिक सभेतील निवेदन



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. मानसोपचाराविषयी अधिकारवाणीने बोलणे हे डॉक्टरांचे काम. परंतु त्या विभागाच्या नोंदवहीतील एका शेऱ्यास आम्हीच कारणीभूत झालो असल्याने त्याचा खुलासाही आम्हीच करणे उचित होय.

लागोपाठ तीन भेटी चुकविणाऱ्या रुग्णाची फाईल बंद करावी आणि ती वेळ प्रतीक्षा यादीतील दुसऱ्यास द्यावी, हा नियम आमचा. समुपदेशक थोडे, मागणी फार; हिशेब चोख वाटला. पुढे विभागातील डॉक्टरांनी बंद फायलींचा एक गठ्ठा आमच्या टेबलावर आणून ठेवला. त्या स्त्रियांच्या होत्या आणि निदान होते एडीएचडी, म्हणजे अवधान टिकविण्यातील जन्मजात अडचण. वेळ निसटणे हेच ज्या विकाराचे लक्षण, त्याच लक्षणापायी आम्ही त्यांना दाराबाहेर काढले होते. साखर वाढली म्हणून मधुमेह्याचा केसपेपर कोणी फाडत नाही.

लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. पुढे दीर्घकाळ हा दांडग्या मुलग्यांचाच विकार मानला गेला. खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी वर्गात कोणालाच त्रास देत नाही; तिला ‘वेंधळी’ म्हणून सोडून दिले जाते. लग्नानंतर दूध उतू जाते, फीची तारीख चुकते, बोलणी बसतात, रागाचा भडका उडतो आणि मग रात्रभर पश्चात्ताप. भावनांचा हा कल्लोळ निदानाच्या अधिकृत निकषांत नाही. पण पुष्कळ स्त्रिया रुग्णालयात येतात त्या त्याच्यामुळेच, आणि नैराश्याच्या गोळ्या घेऊन परत जातात. पाळीपूर्वीच्या दिवसांत त्रास वाढतो, असेही अनेकजणी सांगतात.

मराठी माणसाला मानसोपचार परका नाही. अल्बर्ट एलिस यांची 1955 ची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजविली. भावनांच्या नियमनासाठी अमेरिकेतील मार्शा लिनहॅन यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी सिद्ध केली. तिचा ग्रंथ 1993 चा. सजगता, क्लेश सोसणे, भावना सांभाळणे आणि नात्यांत आपले म्हणणे मांडणे ही तिची चार कौशल्ये. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये ती प्रौढांच्या एडीएचडीसाठी बेतून घेतली.

मूळ पद्धतीत दोन-अडीच तासांचा गट आणि रोजची लेखी नोंद असते. ज्यांचे चित्त वीस मिनिटांत उडते, त्यांना हे कसे पेलावे? आमच्या विभागाने सत्र दोन तुकड्यांत विभागले, मध्ये चहा ठेवला, आणि एका वेळी एकच कौशल्य शिकविले. वही हरवते, म्हणून स्वयंपाकघरातील कालनिर्णयच्या चौकोनात एक खूण करावयाची, एवढाच गृहपाठ. राग चढला की आधी थंड पाण्याने तोंड धुवावे, बोलणे मागाहून, हेही त्या पद्धतीतलेच. आमच्या आजीला यासाठी ग्रंथ लागला नव्हता, एवढे जाता जाता सांगतो. गटाची वेळ दुपारी, घरचे जेवण उरकल्यावर आणि शाळा सुटण्यापूर्वी. आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी फोन जातो. भेट चुकली तर शेरा नाही, पुन्हा फोन. बंद केलेल्या फायलींवरही आम्ही फोन केले. काहीजणी परतल्या, काहींनी फोन उचललाच नाही.

आता पैशाविषयी. धर्मादाय योजनेत निर्धनांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखीव असतात; आमचे सारे हिशेब खाटांभोवती फिरतात. या उपचाराला खाटच लागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात शारीरिक व मानसिक आजारांना समान लेखले. तरी बाह्यरुग्ण समुपदेशन बहुधा विम्याबाहेर राहते. तेव्हा देणगीदारांनी यंत्राऐवजी एका समुपदेशकाच्या वेतनाचा विचार करावा. त्यावर नावाची पाटी लावता येणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

नातेवाइकांना एक विनंती. 2013 च्या निकषांप्रमाणे लक्षणे वयाच्या 12 वर्षांपूर्वीपासून असावी लागतात. पहिल्या भेटीस येताना माहेरी ट्रंकेत जुने प्रगतिपुस्तक सापडले तर अवश्य आणावे. वर्गशिक्षिकांचा ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ हा शेरा डॉक्टरांना उपयोगी पडतो.