टेकडीवरचें बिऱ्हाड

श्रोतेहो, परमुलखांत बिऱ्हाड थाटणाऱ्याला तेथें रुळावयास काय लागतें, असें विचारलें तर बहुतेक जण घर, पैसा आणि भाषा हीं तीन नांवें घेतील. मी त्यांत वाटीभर विरजणाची भर घालीन. नव्या घरांत पहिल्या दिवशीं विरजण नसतें; तें मागावयास शेजारीं जावें लागतें, आणि तेथूनच ओळखीला आरंभ होतो. रत्नागिरीच्या थिबा राजाला ही सोय कधींच नव्हती.

नोव्हेंबर 1885 मध्यें इंग्रजांनीं मंडाले घेतलें, आणि ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला प्रथम मद्रासेस व एप्रिल 1886 मध्यें रत्नागिरीस आणून ठेविलें. तो तेव्हां अवघा 27 वर्षांचा होता. बरोबर सुपयालत राणी, तिची धाकटी बहीण, जी राजाची दुसरी राणी होती, आणि तीन लहान मुली. चौथी 1887 सालीं रत्नागिरींतच जन्मली. गांव निवडण्यांत सरकारचा हिशेब उघड होता. तेथें रेल्वे नव्हती, आणि पावसाळा लागला कीं आगबोटीही बंद. आम्हां कोंकणवासीयांची जी तक्रार, तोच सरकारच्या लेखीं गांवाचा मोठा गुण ठरला!

राजाला तनखा होता, नोकरचाकर होते, आणि या सर्वांवर पोलिसांची देखरेख होती. खर्च भागेना, तेव्हां त्यानें बरोबर आणलेलीं माणकें विकलीं. व्यापारी त्याच्या दारीं येत. पण व्यापाऱ्याची ये-जा म्हणजे शेजार नव्हे. पुढें सरकारनें भाट्याच्या खाडीवरील टेकडीवर जांभ्या दगडाचा व सागवानी लांकडाचा राजवाडा बांधून दिला. राजा तेथें राहावयास गेला तो 1910 सालीं, म्हणजे या गांवीं आल्यास 24 वर्षें झाल्यावर! डिसेंबर 1916 मध्यें तो वारला. ब्रह्मदेशाचें दर्शन त्याला पुन्हा घडलें नाहीं.

मुलांची गोष्ट मात्र निराळी असते. राजकन्या येथील नोकरमाणसांत वाढल्या आणि मराठी बोलूं लागल्या. थोरलीचें मन घरच्या एका मराठी नोकरावर जडलें. 1906 सालीं तिला मुलगी झाली, तीच टूटू. त्या घरावर तेव्हां काय प्रसंग ओढवला असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. 1919 सालीं सरकारनें कुटुंबाला ब्रह्मदेशीं परत धाडलें. सुपयालत पुढें रंगूनलाच वारली. थोरली राजकन्या मात्र जन्मभूमि सोडून पुन्हा रत्नागिरीस आली. येथें तिच्यासाठीं राजवाडा उरला नव्हता आणि सुखही फारसें नव्हतें. 1947 सालीं ती येथेंच गरिबींत वारली.

टूटूनें मराठी घरांत संसार मांडला आणि कष्टांत दिवस काढले. मराठी हीच तिची भाषा होती. आजोबांना ज्या गांवांत तीस वर्षें काढूनही परकेंच राहावें लागलें, तेथें नात चारचौघींसारखी नांदली, आणि 2000 सालीं रत्नागिरींतच तिनें डोळे मिटले.