वाऱ्याचा फोटो कसा काढायचा? शिडाच्या होड्या, कॅमेरा आणि एक डिलीट केलेली रील

आजच्या भागात कोडिंग नाही, पगारवाढ नाही, कंपनी कधी बदलायची तेही नाही. आज माझ्या एका छंदाबद्दल बोलतो. ऑफिसमध्ये सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तू पाटणचा ना? तिकडं समुद्र कुठाय?"

नाहीये. पण वारा आहे. पाटणच्या वर वनकुसवड्याचं पठार आहे, तिथं पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. लहानपणी आम्ही वर गेलो की टोपी हातात धरून चालायचो. पाणीही आहे. गावाजवळून कोयना वाहते, कराडला कृष्णेला मिळते आणि पुढं सांगलीला जाते. माझी सुरुवातही सांगलीतच झाली. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्या बघायला मामा घेऊन गेला होता. आयर्विन पुलावर, घाटावर ही गर्दी! त्या होड्या वल्ह्याच्या, शिडाच्या नव्हेत. एका तालात वल्ही पडतात, पाणी उडतं, काठावरून आपापल्या संघाच्या नावानं आरडाओरडा. मी फोन वर धरून व्हिडिओ काढला. घरी येऊन बघतो तर निम्म्या व्हिडिओत पुढच्या काकांची छत्री.

शिडाच्या होड्या पहिल्यांदा दिसल्या मुंबईत. नोकरी पुण्यात, पण एका रविवारी मित्राकडं गेलो होतो. गेटवेच्या कठड्याशी उभं राहून बघतोय तर दूर पाण्यावर पांढरे त्रिकोण. तिथंच रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, १८४६ सालचा. पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत त्या बाजूच्या पाण्यात शर्यती चालतात. १९८२ च्या एशियाडचं सेलिंगसुद्धा दिल्लीत नाही, मुंबईत झालं होतं, आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी दोनशे फोटो काढले. दोनशेच्या दोनशे फोटोंत राखाडी पाण्यावर तांदळाचे दाणे सांडल्यासारखं दिसत होतं.

मग शिकायला लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही की शर्यत समजल्याशिवाय तिचा फोटो निघत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू कुठून येणार हे आपल्याला माहीत असतं. इथं होड्या सरळ जातच नाहीत. वाऱ्याच्या तोंडावर शीड चालत नाही, म्हणून साधारण पंचेचाळीस अंशांत आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला असं नागमोडी वर जावं लागतं. नवख्याला वाटतं, हे सगळे भरकटलेत.

सुरुवातही मजेशीर असते. सगळ्या होड्या एका काल्पनिक रेषेमागं घुटमळतात. पाच मिनिटं राहिली की एक झेंडा वर, चार मिनिटांना दुसरा, एक मिनिट उरलं की तो दुसरा खाली आणि शून्याला पहिलाही खाली. भोंगा वाजतो, पण खरा इशारा झेंड्याचाच. शेवटचं एक मिनिट म्हणजे आपल्याकडच्या एसटीत जागा धरण्याचा प्रकार. सगळ्यांना पुढं यायचंय, पण रेषा आधी ओलांडली तर मागं फिरून परत यायचं. कॅमेरावाल्यानं त्या रेषेच्या अगदी सरळीत उभं राहावं. बाजूला राहिलात तर कोण पुढं, कोण मागं, काही कळत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वारा दिसत नाही, पण त्याची पावलं दिसतात. पाण्यावर गडद, खरबरीत डाग सरकत येतो, तो झोत. तो डाग होडीला लागला की होडी कलंडते, आतला माणूस पट्ट्यात पाय अडकवून पाठीमागं बाहेर झोकून देतो. तो क्षण हवा असेल तर होडीकडं बघायचं नाही, डागाकडं बघायचं. हे मला कळायला चार महिने लागले. खरं तर वनकुसवड्यात गवतावरून वारा असाच सरकत यायचा, पण डोक्यात प्रकाश पडायला उशीर झाला.

फोनवर काढणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिडावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेड थोडा कमी करा. नाहीतर गडद पाण्यापुढं शीड पांढरंफटक जळतं. शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान. क्षितिज सरळ ठेवा, बाकी सगळं तिरकं चालेल. खारं पाणी उडालं तर कोरड्या फडक्यानं काच घासू नका, मिठानं ओरखडे पडतात, आधी ओल्या फडक्यानं टिपा. ड्रोनचं म्हणाल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी नकाशात झोन बघा. मुंबईच्या बंदरात नौदल आहे, तिथं तो बॅगेतून बाहेरही काढू नका. आणि फार साधनं नाहीत म्हणून रडू नका. इंग्लंडमध्ये काउज गावात फ्रँक बेकन नावाचा फोटोग्राफर होता. हलत्या बोटीत दोन्ही हात कॅमेऱ्याला लागायचे, म्हणून तो रबरी फुगा दातात चावून शटर उडवायचा. लाकडी पेटीच्या कॅमेऱ्यावर!

आता रीलचं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. क्लबचं नाव सांगत नाही. मुलांची शर्यत होती, ऑप्टिमिस्ट होड्यांची. ही जेमतेम सव्वादोन मीटरची, एका शिडाची, टबासारखी होडी असते, पंधरा वर्षांपर्यंतची मुलं एकेकटी चालवतात. मला मदतीच्या बोटीवर जागा मिळाली होती. दुपारी वारा वाढला आणि समोर एक होडी उलटली. बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाण्यात, लाइफ जॅकेट घातलेलं, पण चेहरा पांढरा पडलेला. मी शूट करतोय. तो रडायला लागला, मी झूम केलं. बोट चालवणारे दादा ओरडले, "भाऊ, कॅमेरा ठेव, दोर घे!" मी दोर घेतला, पण आधी स्टॉप दाबला. तेवढे दोन सेकंद गेले. मुलाला काही झालं नाही. त्यानं होडी स्वतःच सरळ केली आणि शर्यत पूर्णही केली.

रात्री मी सतरा सेकंदांची रील टाकली. खाली गाणं, वर हसरी इमोजी. माझ्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंना मिळून नव्हते एवढे व्ह्यूज दोन दिवसांत आले. मी खूश. मग त्यांच्या कोचचा फोन आला. ओरडले नाहीत. म्हणाले, "शाळेत पोरं त्याला व्हिडिओ दाखवतायत. दोन रविवार झाले, तो पाण्यावर आलेला नाही."

रील डिलीट केली. पण तोवर ती डाउनलोड होऊन ग्रुपांवर फिरत होती. आपण इंजिनिअर, आपल्याला माहीत असतं की डिलीट म्हणजे फक्त आपल्याकडून डिलीट.

माफी मागायला गेलो. त्याच्या आई बाहेर आल्या. "बसा," म्हणाल्या, चहा दिला, जास्त काही बोलल्या नाहीत. मुलगा आला. मी जे पाठ करून गेलो होतो ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, पहिल्या बोयाचा व्हिडिओ आहे का? मी तिथं तिसरा होतो."

पुण्यात येऊन सगळी हार्ड डिस्क बघितली. त्या दिवसाचं ६४ जीबी फुटेज. पहिल्या बोयाशी मी फक्त पुढची एक होडी धरली होती, बाकी सगळा वेळ कुठं काय उलटतंय तेच शोधत होतो. तिसरी होडी कुठंच नव्हती. त्याला तसं कळवलं. "ओके दादा" एवढंच उत्तर.

आता मी शर्यतीआधी शिडांवरचे नंबर वहीत लिहून घेतो. प्रत्येक नंबर निदान एकदा, होडी सरळ असताना. मग खूण. उलटलेल्या मुलाचं फुटेज काढलं तरी ते कोचला देतो, शिकवायला कामी येतं, बाहेर टाकत नाही. लहान मुलांचं काही टाकायचं तर आधी घरच्यांना विचारतो. व्ह्यूज? विचारू नका.

मध्ये दिवाळीला घरी आजीला व्हिडिओ दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "ह्यास्नी मोटर न्हाय व्हय? मंग वारं पडल्यावर पोरं घरी कशी यायची?"

मी म्हटलं, बसून राहतात, आजी. नाहीतर मदतीची बोट ओढून आणते.

गेल्या सीझनला तो मुलगा परत उतरला. बोयाजवळ मी मुद्दाम त्याचीच वाट बघत थांबलो होतो. अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. होडी येते, वळते, जाते. या वेळी सातवा होता. व्हिडिओ पाठवला तर त्याचा लगेच मेसेज, "शीड सैल आहे ना माझं?" मी परत परत बघितला. मला तरी दिसलं नाही.