पावसाआधी लाकडाला तेल

गच्चीत किंवा अंगणात लाकडी फळ्यांचा डेक असेल, तर मे महिन्यातच त्याला तेल पाजा. फळ्या घासून धुवा, दोन-तीन दिवस खडखडीत वाळू द्या. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवा. आडवा फिरवलात तर ओरखडे रंगातून उठून दिसतात. आता पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. मुरले तर लाकूड तयार. तसेच टपोरे राहिले, तर जुना थर अजून शिल्लक आहे. जवसाचं तेल किंवा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) पातळच लावा, न मुरलेलं फडक्यानं टिपून घ्या. आणि हे फार महत्त्वाचं: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा, नाहीतर बाहेर सावलीत सुटी पसरून वाळवा.