लसीकरणाचा टक्का : अंश आणि छेद

(आरोग्यविषयक सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलै २०२४ मध्ये आदल्या वर्षाचे लसीकरणविषयक अंदाज प्रसिद्ध केले. त्यांनुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे १६ लाख 'शून्य मात्रा' बालके होती. नायजेरियात अशी सुमारे २१ लाख बालके असल्याने भारताचा क्रमांक जगात दुसरा लागला आणि वृत्तपत्रांनी तो ठळक अक्षरांत छापला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लगेच खुलासा केला. भारताची लोकसंख्या विचारात न घेता केलेली ही तुलना अपुरी असून, देशाच्या एकूण लोकसंख्येशी या बालकांचे प्रमाण अवघे ०.११ टक्का पडते, असे त्यात म्हटले होते.

एक आकडा वाचून मान खाली जाते, दुसरा वाचून समाधान वाटते. बालके मात्र तीच आहेत. दोन्ही ठिकाणी गणित चुकलेले नाही. मग सत्य कोणते? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर लसीकरणाचा राष्ट्रीय टक्का जन्माला कसा येतो, हे मुळापासून समजून घेतले पाहिजे.

शाळेत अपूर्णांक शिकवताना गुरुजी सांगत, वरचा तो अंश आणि खालचा तो छेद. लसीकरणाचा टक्का म्हणजे असाच एक अपूर्णांक होय. किती बालकांना लस मिळाली हा अंश आणि किती बालकांना मिळायला हवी होती हा छेद. अंश गावात तयार होतो, छेद बहुधा कार्यालयात. सारे वाद या दोहोंमधील अंतरातून उद्भवतात.

अंशाचा प्रवास

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्याचा पाया उपकेंद्रातील आरोग्यसेविका हा आहे. लसीकरण सत्रापूर्वी आशा स्वयंसेविका घरोघर फिरून लस देय असलेल्या बालकांची यादी करते. अंगणवाडीत सत्र भरते, आरोग्यसेविका लस टोचते, मातेजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख घालते आणि आपल्या नोंदवहीत व गणनापत्रकात नोंद करते. महिनाअखेर या नोंदींची बेरीज उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या चढत दिल्लीपर्यंत पोहोचते. २००८ पासून हे अहवाल आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीच्या संगणकीय संकेतस्थळावर भरले जातात.

या वाटेवर गळतीच्या जागा अनेक आहेत. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंब बाळाला खासगी बालरोगतज्ज्ञाकडे नेते. ती लस बाळाच्या फाइलमध्ये नोंदली जाते, परंतु शासकीय बेरजेत ती येतेच असे नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत आहे. बीसीजीची लस माहेरच्या गावी, पुढच्या मात्रा सासरी. दोन गावांच्या नोंदवह्यांत बाळ अर्धे अर्धे विभागले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या तान्ह्या मुलाची गणना छेदात एका जिल्ह्यात आणि लस मिळालीच तर अंशात दुसऱ्याच जिल्ह्यात होते. परिणामी एका ठिकाणचा टक्का उगाच घसरतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो शंभराच्याही वर जाऊ शकतो. शंभर बालकांपैकी एकशे चार जणांना लस दिली, असे सांगणारा अहवाल कामगिरीचा गौरव नव्हे, छेद चुकल्याची ती कबुली असते.

मात्रांची संख्या म्हणजे बालकांची संख्या नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. बीसीजीची कुपी एकदा पातळ करून घेतली की चार तासांत वापरावी लागते. उरलेली लस टाकून द्यावी लागते. म्हणून भांडारातून गेलेल्या मात्रा मोजून किती बालके सुरक्षित झाली, हे सांगता येत नाही. कोविडच्या काळात भारताने २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या. तो पराक्रम अभिमानास्पद होता. परंतु २२० कोटी ही मात्रांची संख्या होती, माणसांची नव्हती.

छेदाचे कोडे

आता छेदाकडे वळावे. गावात नेमकी किती अर्भके आहेत, हे जन्मनोंदणी परिपूर्ण असती तर तिथूनच कळले असते. ती सर्वत्र तशी नसल्यामुळे अपेक्षित संख्या हिशोबाने काढली जाते. लोकसंख्येला जन्मदराने गुणायचे आणि त्यातून वर्षभरात दगावणाऱ्या अर्भकांची अंदाजित संख्या वजा करायची. लोकसंख्येचा आधार जनगणना, तर जन्मदराचा आधार नमुना नोंदणी पद्धत.

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या कागदोपत्री ३०,००० आहे. जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ४५० जन्म अपेक्षित. अर्भकमृत्यूदर हजारी १६ धरून ७ वजा केले की उरतात ४४३. त्या केंद्राने ४३० बालकांचे लसीकरण पूर्ण केले असेल, तर टक्का येतो ९७. जिल्हाधिकारी अभिनंदन करतील. परंतु शेजारी औद्योगिक वसाहत आल्याने तेथील लोकसंख्या प्रत्यक्षात ३६,००० झाली असेल, तर अपेक्षित अर्भके होतात ५३१ आणि तोच टक्का ८१ वर येतो. आरोग्यसेविकेने काहीही खोटे लिहिलेले नाही. तरीही अठ्ठ्याऐंशी बालके कागदावरून नाहीशी झाली, कारण ती छेदातच नव्हती.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी प्रश्न खरा आहे. २०११ नंतर २०२१ मध्ये होणारी जनगणना कोविडमुळे लांबली आणि पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरली. मधल्या दीड दशकात गावे रिकामी झाली, शहरांच्या कडेने वस्त्या वाढल्या. जुन्या लोकसंख्येवर आधारलेला छेद अशा ठिकाणी सर्वांत जास्त चुकतो. लस सर्वांत जास्त चुकते तीही याच वस्त्यांमध्ये, ही खरी चिंतेची बाब होय.

सर्वेक्षणाची दुसरी वाट

नोंदवहीचा आकडा पडताळून पाहण्याची दुसरी वाट म्हणजे घरोघरचे सर्वेक्षण. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत सहा लाख छत्तीस हजारांहून अधिक घरांत प्रश्नकर्ते गेले. १२ ते २३ महिने वयाच्या बालकाचे कार्ड पाहायचे. कार्ड नसेल तर आईला विचारायचे. बीसीजीची एक, पोलिओच्या व त्रिगुणी किंवा पेंटाव्हॅलंट लसीच्या प्रत्येकी तीन आणि गोवराची एक मात्रा मिळाली असेल, तर ते बालक पूर्ण लसीकरण झालेले मानले जाते.

या मोजपट्टीने पहिल्या फेरीत देशाचा टक्का सुमारे ३५ होता. तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, तो ४४ च्या आसपास होता. चौथ्या फेरीत ६२ आणि पाचव्या फेरीत ७६.४. महाराष्ट्राची कथा मात्र सरळ रेषेची नाही. प्रगत म्हणविणारे हे राज्य तिसऱ्या फेरीतील सुमारे ५९ वरून चौथ्या फेरीत ५६ वर घसरले आणि पाचव्या फेरीत ७३ च्या पुढे गेले. नोंदवह्यांच्या बेरजेवर विसंबून राहिले असते, तर ही घसरण लक्षात आली असती का?

सर्वेक्षणालाही मर्यादा आहेत. ते आज प्रसिद्ध होते, पण सांगते दोन-तीन वर्षांपूर्वी जन्मलेल्या बालकांविषयी. शिवाय आईची स्मृती! पहिली लस तिला आठवते. दुसरी आणि तिसरी केव्हा झाली, यात गल्लत होते. मग केवळ कार्ड पाहिलेल्या बालकांचाच आकडा का घेऊ नये? पाचव्या फेरीत तो ८३.८ टक्के होता, म्हणजे अधिक आकर्षक. परंतु ज्या घरी कार्ड जपून ठेवले जाते, त्या घरी लसीही वेळेवर दिल्या जातात. केवळ त्यांचेच मोजमाप करणे म्हणजे वर्गात हजर मुलांची परीक्षा घेऊन साऱ्या गावाचा निकाल लावण्यासारखे आहे.

जागतिक आकडा आणि १६ लाखांचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ हे दोन्ही प्रकारचे पुरावे समोर ठेवून आपला अंदाज बांधतात. प्रत्येक देश दरवर्षी एका संयुक्त नमुन्यात आपली आकडेवारी कळवतो. सर्वेक्षणाचा निष्कर्ष देशाने कळविलेल्या आकड्यापासून दहा टक्के-बिंदूंच्या आत असेल, तर साधारणतः देशाचा आकडा ग्राह्य धरला जातो; अंतर अधिक असेल, तर सर्वेक्षणाकडे कल झुकतो. मातेच्या विस्मृतीची दुरुस्तीही केली जाते. कार्ड असलेल्या बालकांत पहिल्या मात्रेपासून तिसरीपर्यंत किती गळती झाली ते पाहून तेच प्रमाण कार्ड नसलेल्यांना लावले जाते.

एवढी सावधगिरी का? कारण आकड्याशी लाभ जोडला की आकडा फुगू लागतो. २००० मध्ये स्थापन झालेल्या 'गॅव्ही' या जागतिक संस्थेने गरीब देशांना, वाढीव लसीकरण झालेल्या प्रत्येक बालकामागे २० डॉलर देण्याची योजना आखली होती. डिसेंबर २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, या योजनेतील देशांनी कळविलेली वाढ सुमारे १ कोटी ३९ लाख बालकांची होती, तर सर्वेक्षणांच्या आधारे ती ७४ लाखच भरली.

आता पुन्हा १६ लाखांकडे यावे. ही संख्या कोणी डोकी मोजून काढलेली नाही. दीड महिन्याच्या वयाला द्यावयाच्या पेंटाव्हॅलंट लसीची पहिली मात्रा ज्यांना मिळाली नाही, ते 'शून्य मात्रा' बालक, अशी व्याख्या आहे. २०२३ मध्ये भारतात ही मात्रा ९३ टक्के अर्भकांना मिळाल्याचा अंदाज होता. उरलेल्या ७ टक्क्यांना संयुक्त राष्ट्रांनी अंदाजिलेल्या, सव्वादोन कोटींहून अधिक अर्भकांच्या संख्येने गुणले की १६ लाख येतात.

म्हणजेच योग्य उत्तर 'जगात दुसरा' हेही नव्हे आणि '०.११ टक्का' हेही नव्हे. नायजेरियात लस चुकलेल्या अर्भकांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक होते. केवळ संख्येवरून भारताला त्याच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होते. परंतु सत्तर वर्षांच्या आजोबांना पेंटाव्हॅलंट लस द्यायची नसते. त्यांना छेदात घालून टक्का लहान करणे हाही न्याय नव्हे. योग्य छेद त्या वर्षीच्या अर्भकांचा आणि योग्य उत्तर सात टक्के. जन्मलेल्या दर चौदा बालकांपैकी एक. पुढील वर्षी, २०२४ मध्ये, ही संख्या सुमारे ९ लाखांवर आली. ही मोठी प्रगती आहे, आणि ती कळते तीही त्याच पद्धतीने मोजल्यामुळे.

खुणेचे सामर्थ्य

या देशाने प्रामाणिक मोजणीचे फळ चाखलेले आहे. पल्स पोलिओ मोहिमेत कार्यकर्ते प्रत्येक दारावर खडूने खूण करीत. सर्व बालकांना थेंब मिळाले तर 'पी' आणि एकही बालक राहिले असेल तर 'एक्स'. बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावली जाई आणि नंतर निरीक्षक बाजारात, रेल्वे स्थानकावर शाई नसलेली बोटे शोधीत. त्या मोहिमेत यश मोजण्याइतकीच अपयशाची नोंद महत्त्वाची मानली गेली. 'एक्स'च्या घरी पुनःपुन्हा जाणे, हेच काम होते. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण देशातील वन्य पोलिओचा अखेरचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

उलट, जेथे सरासरीवर समाधान मानले जाते तेथे काय होते, हे २०२२ च्या अखेरीस मुंबईने पाहिले. गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराची साथ पसरली आणि बालके दगावली. गोवर रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के बालके सुरक्षित असावी लागतात, आणि तीही प्रत्येक वस्तीत. शहराची सरासरी एखाद्या गल्लीतील पोकळी झाकते. विषाणू मात्र सरासरी वाचत नाही, तो पोकळी शोधतो.

२०२३ पासून 'यू-विन' या व्यवस्थेत प्रत्येक बालकाची नावानिशी नोंद सुरू झाली आहे. माहेर-सासर, गाव-ऊसतोडीचा फड यांतील तुटलेला धागा तीमुळे जोडला जाऊ शकेल. परंतु यंत्रात नाव घालण्यासाठी आधी कोणीतरी त्या बालकाच्या दारी जावे लागते.

सेवावस्तीत काम करणाऱ्यांनी म्हणूनच दोन साध्या गोष्टी कराव्यात. प्रत्येक मातेला बाळाचे कार्ड जपून ठेवण्यास आणि स्थलांतर करताना ते सोबत नेण्यास सांगावे. आणि वस्तीत नव्याने आलेल्या तान्ह्या बाळांची स्वतंत्र यादी करून ती आरोग्यसेविकेच्या हाती द्यावी. त्या यादीमुळे कदाचित आपल्या वस्तीचा टक्का प्रथम घसरेल. घसरू द्यावा. कारण जे बालक छेदात नाही, त्याच्या वाट्याची लस घेऊन सत्राच्या दिवशी कोणीही येत नाही.